चौऱ्याहत्तरच्या वर

उमराणीसर माझ्याच हॉस्पिटलात येऊन पडले हे कळलं, तेव्हा मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मिरजेत पावलोपावली हॉस्पिटलं आहेत, पण त्यांना नेमकी आमच्याच कॅन्सर वॉर्डात जागा मिळाली. मी तिथे तळमजल्यावर बिघडलेली उपकरणं दुरुस्त करते. बातमी घेऊन आल्या त्या त्यांच्या पत्नी, मंजिरीवहिनी.

"तुम्ही केतकी शिंत्रे ना? पुण्याला यांच्याबरोबर कंपनीत होतात?"

"होते."

"यांना फार दुखतंय हो. पाठीच्या मणक्यात गेलंय. पण पट्टी चौऱ्याहत्तरच दाखवते. ऐंशीच्या वर गेल्याशिवाय मोठं इंजेक्शन देता येत नाही म्हणतात. हे म्हणाले, केतकीला बोलाव, तिला कळेल."

मला कळलंच होतं. चौऱ्याहत्तर म्हटल्याबरोबर कळलं. पण मी हातातलं सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं नाही.

"जेवण झालं की येते," मी म्हटलं. जेवायला अजून बराच अवकाश होता. वहिनी 'बरं, बरं' म्हणत आल्या पावली परत गेल्या, आणि मी एका ईसीजी मशिनचं तुटलेलं टोक अगदी निवांतपणे जोडत बसले.

पट्टी काय आहे हे आता कुणाला सांगायला नको, पण ती आतून काय आहे हे फार थोड्यांना माहीत आहे. माणसाच्या पाठीच्या कण्यातून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांमध्ये वेदनेचा एक खास ठसा असतो आणि तो मानेच्या मागच्या कातडीवरूनही पकडता येतो, असा शोध लागला. लगेच त्या ठशाला शून्य ते शंभर अशी मोजपट्टी लावली गेली. डॉक्टर खूश झाले. गुंगीच्या औषधांचा बाजार मांडणाऱ्यांना चाप बसला म्हणून सरकारही खूश झालं. सुरुवातीला पट्टी फक्त हॉस्पिटलात होती. मग ती शाळेत गेली. पोट दुखतंय म्हणणाऱ्या पोराच्या मानेला बाई पट्टी चिकटवायच्या, आणि "बारा आहे, जा वर्गात" म्हणायच्या. मग ती घरात आली. सून कंबर दुखते म्हणाली की सासू पट्टी घेऊन यायची. नवरा-बायकोच्या भांडणात "तुला काय कळणार मला किती दुखलं" या वाक्याचा काळ संपला आणि "दाखव आकडा" हे वाक्य आलं. हळूहळू माणसांनी एकमेकांचं तोंड बघणं सोडलं आणि मान बघायला सुरुवात केली.

ही पट्टी मकरंद उमराणींची. मीही त्यात होते, पण शेवटच्या आराखड्यात नव्हते.

कण्यातून येणारा ठसा फार बारीक असतो. तो मोजायचा तर आधी मोठा करावा लागतो. ते काम ऑपॅम्प नावाची चिप करते. या चिपला वीज दोन टोकांवरून मिळते, एक वरचं आणि एक खालचं. आम्ही त्यांना रेल म्हणतो. मोठा केलेला सिग्नल या दोन रेलच्या मध्येच वरखाली होऊ शकतो. बॅटरी तीन व्होल्टची असेल तर सिग्नल तीनच्या वर जाणार नाही, हे कुणालाही पटेल. पण तो तीनपर्यंतसुद्धा पोचत नाही. चिपच्या आतल्या ट्रान्झिस्टरना स्वतःच्या कामासाठी थोडी जागा लागते, आणि ती ते सिग्नलच्या वाट्यातून घेतात. बुटक्या माळ्यावर सरळ उभं राहायला गेलं की डोकं पत्र्याला लागायच्या आधी वाशाला आपटतं, तसं. जुन्या चिपा वरच्या रेलच्या चांगल्या दीड व्होल्ट अलीकडे थांबायच्या. पुढे नव्या चिपा निघाल्या. त्यांच्या डेटाशीटच्या, म्हणजे माहितीपत्रकाच्या, पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: 'रेल-टू-रेल', म्हणजे सिग्नल अगदी रेलला टेकेपर्यंत जातो. जातो, पण पुढे जोडलेला भार हलका असला तर. चिपला जास्त करंट द्यायला लावला की ते अंतर पुन्हा वाढतं. किती वाढतं याचा आलेख आतल्या पानांत असतो. आणि आमच्या धंद्यातली माणसं पहिलं पान वाचून चिप मागवतात.

सिग्नल वाशाला आपटला की तो ओरडत नाही. त्याचा डोंगर वरून कापला जातो आणि तिथे सपाट रेघ दिसते. बघणाऱ्याला वाटतं, वा, किती स्थिर आहे.

माझ्या आराखड्यात दोन सेल होते आणि डोक्यावर भरपूर मोकळी जागा होती. पण पट्टी जाड व्हायची. सरांना ती कापसाच्या बँडेजइतकी पातळ हवी होती. त्यांनी एकच नाण्याएवढा सेल ठेवला, रेल-टू-रेल चिप घातली, आणि तिच्यापुढे रेडिओचं सर्किट जोडलं. म्हणजे चांगला जड भार.

"सर, भार घालून किती स्विंग मिळतो, सिग्नल कुठवर चढतो, ते मोजलंय का?" मी मीटिंगमध्ये विचारलं.

"केतकी, पहिलं पान वाच," ते म्हणाले. "मराठी मीडियमचं इंग्रजी असलं तरी रेल-टू-रेल एवढं वाचता येतं."

सगळे हसले. मग त्यांनी लॅबमधल्या बेंचवर प्रयोग करून दाखवला. बेंचवरचा वीजपुरवठा पक्का तीन व्होल्ट देतो, दमत नाही, थकत नाही. पट्टी सत्त्याऐंशीपर्यंत व्यवस्थित गेली. ऐंशीची सीमा ओलांडली म्हणजे काम झालं, असं ठरलं. मी नोकरी सोडली आणि मिरजेला आईकडे परत आले. रागाने आले, हे आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

खरा सेल दमतो. लावल्यावर आठवड्याभरात तो तीनवरून दोन पूर्णांक सहा दशांशावर येतो आणि मग कित्येक महिने तिथेच रमतो. वाशाची उंची चिपच्या रेलवरून ठरते, त्यामुळे रेल खाली आली की वासाही खाली येतो. सत्त्याऐंशीचा चौऱ्याहत्तर होतो. मोठं औषध ऐंशीला सुरू होतं. म्हणजे पहिल्या आठवड्यात ज्याला औषध मिळायचं, त्याचा आकडा दुसऱ्या आठवड्यात आपोआप चौऱ्याहत्तरवर यायचा आणि औषध बंद व्हायचं. कंपनीने याची जाहिरात केली. 'पट्टी लावल्यापासून आठवड्यात वेदना आटोक्यात.' त्यावर उमराणीसरांना सरकारी पुरस्कार मिळाला. सेल उतरत होता, आणि राज्यभरातले लोक बरे होत होते.

मग आई आजारी पडली. हाडांत पसरलेलं होतं.

आई बालवाडी चालवायची. आयुष्यभर मुलांना रांगेत उभं राहायला शिकवलेली बाई. नियमावर तिचा फार विश्वास. पहिले दिवस बरे गेले. मग पट्टी चौऱ्याहत्तरवर आली आणि तिथेच बसली. आई गादीची कड मुठीत धरून पडायची आणि नर्सला म्हणायची, "सॉरी हं सिस्टर, माझंच काहीतरी चुकतंय. पट्टी म्हणतेय की एवढं दुखत नाही. मीच जरा जास्त करते."

माझा भाऊ अभय बेळगावहून आला. तो पट्टीकडे बघून म्हणाला, "अगं, चौऱ्याहत्तरच तर आहे. आईला थोडं वाढवून सांगायची सवय आहे, तुला माहितीये." त्यानंतर मी त्याच्याशी नीट बोललेले नाही.

मी आईच्या पट्टीचा आलेख मागवला. डोंगराच्या जागी सपाट रेघ होती. जिवंत माणसाच्या वेदनेला सपाट माथा नसतो. ती श्वासाबरोबर हलते, कुशीवर वळलं की हलते. मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, पट्टी प्रमाणित आहे, स्वचाचणी, म्हणजे पट्टी स्वतःची घेते ती चाचणी, पास आहे. नवी पट्टी द्या म्हटलं, तर स्वचाचणी नापास झाल्याशिवाय पट्टी बदलायची नाही असा नियम. लोक आकडा वाढवायला पट्ट्या बदलत राहतील, म्हणून. आणि रुग्णाचं तोंडी म्हणणं उपचाराला आधार धरायचं नाही, हाही नियम. दोन्ही नियमांचा मसुदा उमराणीसरांनी लिहिलेला.

मी मुंबईला राज्याच्या तांत्रिक समितीपुढे गेले. सिग्नल जनरेटर, म्हणजे कृत्रिम सिग्नल देणारं यंत्र, लावून सपाट माथा दाखवला. कंपनीच्या बाजूने सर आले होते, निळा ब्लेझर घालून.

"सिग्नल जनरेटर म्हणजे माणूस नव्हे," ते अध्यक्षांना म्हणाले. "आणि एका रुग्णाचा आलेख? सॅम्पल कमी आहे. शिवाय या बाई त्याच रुग्णाच्या कन्या आहेत. त्यांच्या भावना मी समजू शकतो."

मी परत आले तेव्हा आईला बोलता येत नव्हतं. गेली तेव्हाही पट्टी चौऱ्याहत्तर दाखवत होती. आई गेल्यावर ती शून्यावर आली, तेवढी मात्र लगेच आली.

तर, जेवण झाल्यावर मी वर गेले.

सर वाळून गेले होते. ओळखू येत होते ते फक्त कपाळावरून. मला कीव येईल की काय अशी धास्ती होती. आली नाही. बरं वाटलं.

"केतकी," ते म्हणाले. "क्लिप होतंय. वरून कापलं जातंय."

मी त्यांच्या मानेवरची पट्टी आकडा दाखवणाऱ्या वाचक-यंत्राला लावली. "स्वचाचणी पास आहे, सर."

"ती पन्नासला होते गं. अर्ध्यावर. अर्ध्यावर कुठलीही चिप पास होईल."

"हे मी समितीला सांगितलं होतं."

ते काही वेळ डोळे मिटून पडले. एक कळ येऊन गेली असावी, कारण वहिनींनी त्यांचा हात धरला. वाचकावर चौऱ्याहत्तर होतं. कळ यायच्या आधीही चौऱ्याहत्तर, नंतरही.

"मी डॉक्टरांना सांगितलं, ही मी बनवलीये, मला माहितीये. त्या म्हणाल्या..."

"रुग्णाचं म्हणणं धरता येत नाही म्हणाल्या असतील."

"हो."

"कंपनीला फोन केलात?"

"तिथली नवी माणसं माझा फोन उचलत नाहीत."

"अरेरे," मी म्हटलं. मग वहिनींकडे वळून, आजारी माणसाच्या घरच्यांशी बोलतात त्या मऊ आवाजात सांगितलं, "पट्टी बरोबर आहे, वहिनी. काळजी करू नका. कधीकधी माणूस घाबरला की जास्त दुखल्यासारखं वाटतं."

सरांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं होतं. तेच मला हवं होतं.

त्या संध्याकाळी मी येताना बासुंदी आणली. आईच्या फोटोसमोर बसून वाटीभर खाल्ली, आणि पुन्हा वाटी भरून घेतली. "बघ," मी तिला म्हटलं, "आता त्याला कळतंय." आई नेहमीसारखी हसतच होती. तो फोटो बालवाडीच्या स्नेहसंमेलनातला आहे, त्यामुळे तिला माझ्या बासुंदीशी काही देणंघेणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डाच्या डॉक्टर मुजावरमॅडम माझ्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या. सोलापूरहून नुकत्याच आल्या होत्या. बोलणं सरळसोट.

"केतकी, माझ्या वॉर्डात जेवढ्या जुन्या पट्ट्या आहेत तेवढ्या सगळ्या चौऱ्याहत्तरवर आहेत. कुणाचं हाडात, कुणाचं आतड्यात, कुणाचं घशात. सगळ्यांना अगदी सारखंच कसं काय दुखतं?"

मी समोरच्या मशिनचं झाकण बसवायला घेतलं.

"उमराणी म्हणतात, तुला माहितीये. आणि तू काल त्यांच्या बायकोला सांगून आलीस, पट्टी बरोबर आहे."

"स्वचाचणी पास आहे असं सांगितलं."

"माझ्यापुढे वकिली करू नकोस." त्यांनी माझ्या समोरचं स्टूल ओढलं आणि बसल्या. "तुझ्या आईचं मला सिस्टरांनी सांगितलंय. त्या माणसावर राग आहे ना? असू दे. मीही तुझ्या जागी त्याची आरती केली नसती. पण त्याच्या शेजारच्या खाटेवर जतची एक बाई आहे. दातांत पदर धरून पडलेली असते. तिने तुझं काय घोडं मारलंय?"

मला त्या बाईचा राग आला. खरंच आला. माझ्या आणि सरांच्या मध्ये ती कशाला येऊन पडली होती?

मुजावरमॅडम गेल्यावर मी बराच वेळ काही काम केलं नाही. अडचण साधी होती. मी गप्प बसले तर सर तडफडत राहतील, पण आई कायमची वाढवून सांगणारी बाई ठरेल. मी तोंड उघडलं तर आई खरी ठरेल, पण त्याच क्षणी सरांना औषध मिळेल. मला दोन्ही हवं होतं. आणि दुपारपर्यंत दोन्ही मिळण्याची वाट मला सापडली. ती सरांनीच मला दिली होती. सिग्नल जनरेटर म्हणजे माणूस नव्हे, म्हणाले होते ना? मग माणूस घेऊ.

आई गेल्यावर मी माझा जुना आराखडा मोठ्या बॅटऱ्या घालून एका पेटीच्या रूपात बांधून ठेवला होता. वर नऊ व्होल्ट, खाली नऊ व्होल्ट, आणि मध्ये तीन व्होल्टचा सिग्नल. छत एवढं उंच की कशालाच आपटणार नाही. एकाच माणसाच्या मानेला पट्टी आणि पेटी दोन्ही जोडायची. दोन्ही रेषा समितीला थेट दाखवायच्या. आजवर विचारून पाहिलेला एकही रुग्ण याला तयार झाला नव्हता; कंपनीच्या वकिलाची नोटीस आली की घरचे हात वर करायचे. पण ज्याने पट्टी बनवली तोच तयार झाला तर कोण काय बोलणार?

मी वर गेले आणि अटी सांगितल्या. कॅमेऱ्यासमोर त्यांनी नाव सांगायचं, आणि 'पट्टीचं हे डिझाइन माझं आहे' असं स्वतः म्हणायचं. प्रयोग संपेपर्यंत सकाळचं साधं औषधसुद्धा घ्यायचं नाही.

"साधं औषध कशाला थांबवायचं?" वहिनी कळवळून म्हणाल्या.

"वेदना पूर्ण असली पाहिजे," मी म्हटलं. "नाहीतर कुणी हरकत घेईल."

सर माझ्याकडे बघत होते. साधं औषध घेऊनही त्यांची रेषा ऐंशीच्या वर गेली असती, हे त्यांनाही माहीत होतं.

"ठीक आहे," ते म्हणाले.

ठरलेल्या दिवशी समितीचे अध्यक्ष वॉर्डाच्या भिंतीवरच्या पडद्यावर आले. तेच गृहस्थ, केस तेवढे पांढरे झालेले. मुजावरमॅडम भरलेलं इंजेक्शन ट्रेमध्ये घेऊन खाटेच्या पलीकडे उभ्या राहिल्या. मंजुरी अध्यक्षांनी द्यायची होती.

"मॅडम, आपलं समाधान झालं की सांगा," ते मला म्हणाले. "मी लगेच मंजुरी देतो."

म्हणजे दोरी माझ्या हातात.

सरांनी नाव सांगितलं. 'डिझाइन माझं आहे' म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. मी पेटी चालू केली.

पडद्यावर दोन रेषा आल्या. खालची लाल, पट्टीची. चौऱ्याहत्तरवर, पट्टीने आखल्यासारखी सरळ. वरची निळी, माझी. ती नव्वदपासून उसळत होती, शंभराच्या पुढे जात होती, खाली येत होती, पुन्हा चढत होती. शंभर हा आकडा माणसांनी ठरवला. शरीराला तो कुणी कळवलेला नाही. सर श्वास घेत होते तशी निळी रेषा श्वास घेत होती. लाल रेषेला त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

अध्यक्षांच्या तोंडून "अरे बापरे" निघून गेलं.

पुरावा तिथेच झाला होता. पहिल्या अर्ध्या मिनिटात. कुठल्याही इंजिनिअरला विचारा. मला कळलं आणि सरांनाही कळलं, कारण त्यांनी पडद्यावरून नजर काढून माझ्याकडे वळवली.

"झालं ना, केतकी?"

"सॅम्पल कमी आहे, सर," मी म्हटलं.

हे वाक्य म्हणायला मी किती आसुसले होते! तोंडात साखर ठेवावी तसं ते मी जिभेवर ठेवलं. सरांनी मान हलवली. कुणाला काही सांगितलं नाही. सांगता आलं असतं. 'हिला आणखी काही नको आहे, ही मुद्दाम करतेय' एवढं म्हणाले असते तर मी काय करणार होते? त्यांनी फक्त खाटेची दांडी धरली.

"मॅडम, आणखी लागेल का?" अध्यक्षांनी विचारलं.

"थोडं. उद्या कुणी शंका काढायला नको."

निळी रेषा चढत होती. वहिनींनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. सर एकदा "आई गं" म्हणाले. माझी आईही हेच म्हणायची. मी थांबले नाही.

आणि मग मी त्यांच्याकडे बघतही नव्हते. मी निळ्या रेषेकडे बघत होते. आईची अशी रेषा मला कधीच मिळणार नाही. जे चौऱ्याहत्तरच्या वर होतं ते कापलं गेलं. कुठे साठलेलं नाही, कुठून परत काढता येत नाही. तिला नव्वद दुखलं की एकशेदहा, हे जगात कुणालाही माहीत नाही. तिला स्वतःलाही नव्हतं; तिला तर वाटत होतं, आपण जास्त करतोय. मला तो आकडा हवा होता. मी दुसऱ्याच्या मानेतून तो काढायला निघाले होते, आणि जितका वेळ थांबावं तितका तो पुढे पळत होता. एकशे बारा. एकशे अठरा.

"बास," कुणीतरी म्हणालं.

मी नव्हे. मुजावरमॅडमनी ट्रेमधलं इंजेक्शन उचललं होतं. मंजुरी आलेली नव्हती, माझं समाधान झालेलं नव्हतं. त्यांनी कुणाकडेही न बघता सुई नळीत घातली.

"डॉक्टर, अजून मंजुरी..." अध्यक्ष पडद्यावरून म्हणाले.

"मग आता द्या," मॅडम म्हणाल्या. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत त्यांना काय कळलं होतं ते मला कळलं. मग त्या पुन्हा नळीकडे वळल्या.

निळी रेषा हळूहळू उतरायला लागली. लाल रेषा कितीतरी वेळ चौऱ्याहत्तरवरच होती. मग निळी तिच्याखाली गेली, तेव्हा कुठे लाल हलली.

समितीचा आदेश दुसऱ्याच दिवशी आला. राज्यातल्या सगळ्या पट्ट्या मागे घ्यायच्या. नवीन येईपर्यंत औषध द्यायचं ते रुग्ण काय म्हणतो त्यावर. रुग्णाचं म्हणणं ग्राह्य धरावं, असं स्पष्ट लिहिलेलं. मुजावरमॅडमनी त्या सकाळी वॉर्डात एकेकाला विचारलं, "किती दुखतंय?" जतच्या बाईला प्रश्नच कळला नाही. तिला कुणी हे विचारून फार दिवस झाले होते. मग तिने तोंडातला पदर काढला आणि सांगायला लागली, ती सांगतच राहिली.

मी अभयला फोन करून सांगितलं. तो पलीकडे रडला. त्याने रडावं म्हणूनच मी फोन केला होता, आणि ऐकून झाल्यावर ठेवून दिला.

दुपारी पेटी परत आणायला वर गेले. सर उशीला टेकून बसले होते. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी माणसाचा रंग. वहिनी मला बघून उठल्याच. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"काल हे किती दिवसांनी झोपले! तुमचे उपकार कसे फेडू हो? तुम्ही होतात म्हणून झालं."

मी हात सोडवून घ्यायला बघत होते. त्या सोडत नव्हत्या.

"बसा, थर्मासात चहा आहे."

"तिच्या कपात साखर घालू नकोस," सर म्हणाले. "ती चहा बिनसाखरेचाच घेते."

वहिनी कपात चहा ओतायला लागल्या. ओतता ओतता त्यांनी सरांकडे न बघताच विचारलं, "काल त्या वेळी फार दुखलं का हो तुम्हाला? मी तर डोळेच उघडले नाहीत. आणि एवढा वेळ का लागला कोण जाणे."

ते ठाऊक असलेले खाटेपाशी आम्ही दोघंच, मी आणि सर, आणि माझ्या हातात पेटी होती. पेटीत ती सगळी निळी रेषा होती, पहिल्या अर्ध्या मिनिटाची आणि त्यानंतरची. मी वाट बघत राहिले. त्यांनी सांगावं असं मला वाटत होतं. सांगितलं असतं तर मी मान वर करून म्हटलं असतं, हो, मुद्दाम केलं, पुन्हा करेन. वाक्य तयार होतं.

सर माझ्याकडे बघत होते.

"छे गं," ते म्हणाले. "फार नाही. आणि तेवढा वेळ लागतोच, तिला विचार."

"हो ना?" वहिनींनी मला विचारलं.

"हो," मी म्हटलं.

वहिनींचा चेहरा एकदम मोकळा झाला. नव्या आदेशाप्रमाणे रुग्णाचं म्हणणं खरं धरायचं होतं. त्यांनी ते धरलं. मग त्यांनी कप माझ्या हातात दिला, आणि दोघं बघत असताना मला तो संपवावा लागला.